लाल केलेली ओळ

आयर्लंडमध्ये लिक्सलिपहून ट्रलीला ट्रेनने चार-पाच तासांत जाता येतं. मी सहा दिवस लावले. चव्वेचाळिसाव्या वर्षी सायकलवर साडेतीनशे किलोमीटर निघालो म्हणून आमच्या मराठी ग्रुपवर टाळ्यांचा नुसता खच पडला. कौतुक कसलं डोंबलाचं! मला ज्ञानेशच्या दारात जाऊन एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची वेळ जितकी लांबवता येईल तितकी लांबवायची होती. सायकल हा त्यातल्या त्यात अब्रू राखणारा उपाय होता.

ज्ञानेश माझा नागपूरचा, शाळेपासूनचा मित्र. तो ट्रलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याचे वडील प्रल्हादकाका पोस्टात होते. आम्हा दोघांना सायकल त्यांनीच शिकवली. सातवीत असताना एका रविवारी त्यांनी आम्हाला रामटेकपर्यंत सायकलने नेलं होतं. परतीच्या वाटेवर मी रडायला लागलो, तर माझ्या हँडलला हात लावून शेवटचे दहा किलोमीटर ते माझ्या बाजूने चालवत आले आणि घरी कोणाला एका शब्दाने बोलले नाहीत. असे काका २०२१च्या एप्रिलमध्ये गेले. ऑक्सिजनचा बेड मिळाला नाही म्हणून गेले. आणि तो बेड माझ्यामुळे मिळाला नाही.

आयटीवाल्यांवर संकट आलं की त्यांना पहिल्यांदा काय सुचतं? शीट. नागपूर, पुणे, मुंबई, सगळीकडे बेडसाठी हाहाकार चाललेला, आम्हाला इथून उठून जाता येत नव्हतं, तेव्हा मी एक ऑनलाइन शीट उघडली. हॉस्पिटलांचे नंबर, कोणी कधी फोन केला, बेड आहे की नाही. नियमही मीच केले. हिरवी ओळ म्हणजे बेड आहे. ज्याला हवा त्याने ती ओळ लाल करायची. लाल ओळीवर दुसऱ्या कोणी फोन करायचा नाही, उगाच हॉस्पिटलची लाइन अडकते. इथल्या कंपन्यांनी प्रायव्हसीचं इतकं ट्रेनिंग आमच्या डोक्यात भरलेलं की पेशंटचं नाव लिहायचं नाही, असाही एक नियम. किती शहाणपणा! दीडशे माणसं ती शीट वापरत होती आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो.

त्या दिवशी सकाळी दहाला वीस मिनिटं कमी असताना वर्धा रोडवरच्या एका छोट्या हॉस्पिटलची ओळ हिरवी झाली. माझे सासरे पद्माकरराव चार दिवसांपासून पॉझिटिव्ह होते. ऑक्सिजन पंचाण्णव, भूक चांगली, टीव्हीवर बातम्या बघून सरकारला शिव्या चालू. पण माझी बायको वृंदा रात्रभर झोपली नव्हती. "हातचा जाऊ देऊ नको रे," ती म्हणाली. मी ओळ लाल केली. त्या हॉस्पिटलात प्रकाश नावाचा माझा वर्गमित्र हिशेब बघायचा, त्याला फोन करून वशिलाही लावला. "तुमच्यासाठी संध्याकाळपर्यंत ठेवतो भाऊ," तो म्हणाला. मग सासऱ्यांना फोन केला. "मले काही झालं नाही बावा. मी घर सोडून कुठंच जात नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

आता पाच सेकंदांचं काम होतं. ओळ पुन्हा हिरवी करायची, प्रकाशला 'नको' एवढा मेसेज टाकायचा. मी म्हटलं, अर्ध्या तासाने पुन्हा समजावून बघू, तोवर राहू दे. दहाला मीटिंग सुरू झाली. कारखान्यात एक मशीन बंद पडलं होतं, त्यावरून तिथे रणकंदन. शीट मला साडेबाराला आठवली. तेव्हा नागपुरात पाच वाजले होते. काका अर्ध्या तासापूर्वी रिक्षातच गेले होते, तिसऱ्या हॉस्पिटलच्या गेटपाशी. ज्ञानेशने सव्वादहाला शीट उघडली होती, ओळ लाल बघितली आणि नियम पाळला. वर्धा रोडवरचं ते हॉस्पिटल काकांच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं.

हे वृंदाला माहीत होतं आणि मला. "सांगून काय मिळणार आहे? काका परत येणार आहेत का?" वृंदा म्हणायची, पण म्हणताना माझ्याकडे बघायची नाही. जूनमध्ये मी ती शीट डिलीट केली. गरज संपली, असं ग्रुपवर लिहिलं. खरं कारण असं की त्या शीटवर प्रत्येक बदल कोणी आणि किती वाजता केला याची नोंद राहते. ग्रुप चालवणाऱ्या सुचित्राने लिहिलं, "उपेंद्र, यू आर अ हीरो." त्याखाली नव्वद हात जोडलेले. मी त्या मेसेजला अंगठ्याचा इमोजीही दिला. हे लिहितानासुद्धा कानाच्या पाळ्या गरम होतात.

आपल्याकडे कोणी गेलं की भेटून यायचं असतं. फोन चालत नाही, समोर जाऊन बसायचं असतं. एप्रिलमध्ये काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, ओलांडायला बंदी होती, ती मला देवासारखी धावून आली. मे महिन्यात बंदी उठली. मग काम होतं, मग लस व्हायची होती, मग वृंदाची पाठ. जुलैच्या शेवटी ज्ञानेशचा फोन आला. "एकदा ये ना रे," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात रुसवा असता तर बरं झालं असतं. मी तोंडाला आलं ते बोलून गेलो, "येतो. सायकलने येतो." पहिल्या लॉकडाउनमध्ये, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नव्हतं तेव्हा, मी सायकल घेतली होती. गावाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरायचो. तेवढीच माझी तयारी.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशच्या बायकोने, पद्मिनीवहिनींनी, ग्रुपवर टाकलं, "आमच्या बाबांच्या आठवणीसाठी उपेंद्रभाऊजी लिक्सलिपहून ट्रलीपर्यंत सायकलने येत आहेत." असं मी म्हटलं नव्हतं. पण नाही असंही म्हटलं नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. पहिल्या दिवशी कालव्याच्या काठाने मलिंगार. दुसऱ्या दिवशी मलिंगार ते अॅथलोन, जुन्या रेल्वेच्या वाटेने. त्या वाटेवर गाडी बंद होऊन कित्येक वर्षं झाली, पण एका बाजूचे रूळ अजून तसेच आहेत, गवतात बुडालेले. शेजारून गुळगुळीत डांबरी पट्टा. चढ नाही, उतार नाही, गाड्या नाहीत, सिग्नल नाही. दर थोड्या वेळाने एक दगडी पूल डोक्यावरून जातो. कोणालाही सुख वाटेल असा रस्ता. मला मात्र तो अजिबात सोसला नाही, कारण त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. दम लागत नाही, रस्ता शोधावा लागत नाही, मग डोकं मोकळं राहतं आणि मोकळ्या डोक्यात ती ओळ. मोट गावाच्या बंद स्टेशनात प्लॅटफॉर्मवर बसून मी वाक्य तयार करायला लागलो. "ज्ञानेश, तुला एक सांगायचंय." पुढे काय? "माझ्याकडून एक चूक झाली." चूक! चूक म्हणजे चहात साखर जास्त पडणे.

तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर माझा सकाळचा फोटो, खाली सुचित्राचं "काकांना अशी श्रद्धांजली कोणी दिली नसेल." मी फोन बॅगेत तळाशी कोंबला. दहा मिनिटांनी पुन्हा काढून बघितला, आणखी किती जणांनी काय लिहिलंय ते. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती.

अॅथलोननंतर दोन दिवस आडरस्ते. इथल्या आडरस्त्यांच्या मधोमध गवताची रेघ असते, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं आणि त्यात काळ्या होत आलेल्या ब्लॅकबेरी. समोरून ट्रॅक्टर आला की शेतकरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तेवढाच नमस्कार. मला वाटायचं, याला कळलं तर बोट उचलेल का? पोर्टुम्नाच्या पुढे उलटं वारं सुरू झालं. पाय भरून आले, गुडघा ठणकायला लागला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दुखलं की काहीतरी फेडतोय असं वाटायचं. मग लक्षात यायचं की माझ्या गुडघ्याने ज्ञानेशचं काय भलं होणार?

पाचव्या दिवशी लिमरिकच्या बाजूची जुनी रेल्वेवाट धरली. जुलैतच नवी करून उघडलेली, पोरंबाळं, आज्या, कुत्री, सगळं जग तिथे लोटलेलं. न्यूकॅसल वेस्टच्या पुढे बार्नाचा बोगदा लागतो. बोगद्यात मी थांबलो आणि वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. "ती ओळ मी लाल केली होती." भिंतींनी ते परत ऐकवलं. मागून आलेल्या एका बाईने विचारलं, "आर यू ग्रँड?" म्हणजे इकडच्या भाषेत, ठीक आहेस ना. मी म्हटलं, "ग्रँड."

त्या रात्री अॅबीफीलला एका घरगुती लॉजमध्ये उतरलो. मालकीण ब्रीडी, सत्तरीची. चहा देताना तिने विचारलं, कुठे निघालास. मित्राचे वडील गेले, त्याला भेटायला, म्हटलं. ती कपबशी हातात धरून खालीच बसली. तिचा नवरा जानेवारीत गेला होता. चर्चमध्ये फक्त दहा माणसांना परवानगी. तर सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा फुटांवर पावसात उभं राहिलं, शवपेटीची गाडी जाईपर्यंत. "कोण कोण उभं होतं ते मला पाठ आहे," ती म्हणाली. "आणि कोण नव्हतं तेही. पण तू सायकलवर एवढा लांबून चाललास! फेअर प्ले टू यू." म्हणजे शाबास.

मग ती उठली आणि प्रेसमधून, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातून, एक कार्ड काढून आणलं. गेलेल्या माणसासाठी चर्चमध्ये प्रार्थना होणार, असं सांगणारं कार्ड. इथे ते दुःखातल्या घरी नेऊन देतात. "हिंदू असले तर काय झालं, बिघडत नाही," म्हणाली. माझ्याकडून काकांच्या नावाची अक्षरं एकेक विचारून घेतली आणि चष्मा लावून लिहिली. "काय बोलावं सुचलं नाही तर नुसतं 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हण. आमच्याकडे तेवढंच म्हणतात." मी मान डोलावली. ज्याने दुःख दिलं त्यानेच ते म्हणायचं की कसं, हे तिला विचारता आलं नाही. रात्री वृंदाचा फोन आला. "उद्या सांगणार आहेस?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "माझंही नाव सांग."

ट्रलीत पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. घर शोधावं लागलंच नाही. फाटकावर रंगीत कागद लावला होता, त्यावर रेवाच्या अक्षरात मोठ्ठं "वेलकम उपेंद्रकाका" आणि एक सायकल. रेवा ज्ञानेशची मुलगी, नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तिथल्या केरी काउंटीच्या इंग्रजीत. ती ओरडत आत पळाली, "ही'ज हिअर! ही'ज हिअर!"

मी सायकल भिंतीला टेकवली, हेल्मेट काढलं. म्हटलं, उंबरा ओलांडायच्या आत बोलायचं. आत गेलो, पाणी घेतलं, जेवलो, की मग झालं, मग जन्मात बोलणं होणार नाही.

"तिथेच थांबा भाऊजी!" पद्मिनीवहिनी दारात आल्या. हातात ताम्हन. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, सगळं. मागे ज्ञानेश. किती वाळला होता! दाढी अर्धी पांढरी. त्याच्या मागे हॉलमध्ये काकांचा फोटो, पोस्टाच्या खाकी कपड्यातला, सायकलचं हँडल धरून उभे.

"वहिनी, नको. वर्ष नाही झालं अजून तुमच्याकडे," मी म्हटलं.

"सण नाहीच करत आहोत यंदा. पण हे काय सण आहे? बाबांचा विद्यार्थी एवढा मोठा पल्ला मारून आलाय. ते असते तर त्यांनीच म्हटलं असतं, ओवाळ त्याला." त्यांनी माझ्या घामट कपाळावर कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. बोट थंडगार होतं. मला जागच्या जागी मरण यावं असं वाटलं.

"वहिनी, थांबा जरा. ज्ञानेश, मला काही बोलायचंय."

"मलाही तुला काही विचारायचंय," ज्ञानेश पुढे येऊन म्हणाला. "किती दिवस विचारीन म्हणतोय. फोनवर नको वाटलं. म्हणून तर ये म्हणालो होतो. त्या दिवशी, तुला आठवतं का, वर्धा रोडची एक ओळ होती. लाल झालेली."

त्याला कळलंय, असं वाटून क्षणभर मी सुटल्यासारखा झालो. पण त्याचा चेहरा रागाचा नव्हता.

"मी बाबांना फोनवर सांगितलं, तो बेड गेला, आपण दुसरा बघू. त्यांना धाप लागली होती, शब्द फुटत नव्हता. तरी म्हणाले, 'गेला का? बरं झालं. कोणाची तरी सोय झाली.' ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं." ज्ञानेशने चष्मा काढून पुसला. "चार महिने मी त्यावर दिवस काढतोय उपेंद्र. डॉक्टर असून स्वतःच्या बापाला बेड देऊ शकलो नाही. पण म्हणतो, आपल्याच कोणाला तरी तो मिळाला. शीट तुझी होती, तुला माहीत असेल. नाव नको सांगू, नियम आहे तुझा. फक्त एवढं सांग, तो पेशंट वाचला ना रे?"

"आजोबा गेव्ह हिज बेड अवे," रेवा मला समजावून सांगायला लागली. "सो समवन एल्स कुड लिव्ह. आय टोल्ड माय होल क्लास."

मी वाटभर तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. त्याच्या जागी दुसरं वाक्य आयतं जिभेवर आलं. हो, वाचला. ठणठणीत आहे. ते खोटंही नव्हतं. सासरे काल संध्याकाळीच फोनवर सरकारला शिव्या देत होते. एवढं म्हटलं की ज्ञानेशला झोप लागेल, वहिनी ओवाळतील, आपण आत जाऊन वरण-भात खाऊ. मी तोंडही उघडलं होतं. काका फोटोतून बघत होते, वगैरे काही नाही. मला आठवलं ते इतकंच की रामटेकहून येताना मी रडलो हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं ते त्यांनी माझ्यासाठी एकदा लपवलं होतं. आता त्यांच्याच मरणाआड मी पुन्हा लपणार होतो.

"ती ओळ मी लाल केली होती," मी म्हटलं. "सासऱ्यांसाठी. वृंदा आणि मी. त्यांना गरज नव्हती. ते गेलेच नाहीत. मी ओळ परत हिरवी करायला विसरलो. मीटिंगमध्ये होतो."

"मग कोणाला मिळाला?" ज्ञानेशने विचारलं. त्याला कळलं होतं, पण तो विचारत राहिला. "मग तो बेड कोणाला मिळाला?"

"कोणालाच नाही. काका गेले तेव्हा तो रिकामा होता. माझ्या नावावर."

पद्मिनीवहिनींच्या हातात निरांजन जळत होतं. ते फुंकून विझवायचं नसतं आणि आता ओवाळायचं कोणाला, म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या. वाऱ्याने ज्योत फडफडायला लागली तेव्हा त्यांनी सवयीने तिच्याभोवती तळवा धरला, माझ्याकडे पाठ केली आणि आत निघून गेल्या.

मी हात जोडले. माफ कर म्हणणार होतो, पण ज्ञानेशने माझ्याकडे बघितलं आणि मला ते म्हणता आलं नाही. तो ओरडला नाही, अंगावर आला नाही. सायकलला हात लावून उभा राहिला, जणू ती पडेल.

रेवा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. आम्ही भराभर बोललो होतो, तिला सगळं कळलं नव्हतं.

"बाबा, व्हॉट डिड ही से? हू गॉट आजोबाज बेड?"

ज्ञानेशने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तिला एकदा सांगितलंय," तो मला म्हणाला. "आता तू सांग."

मी खाली वाकलो. गुडघ्यात कळ आली. कपाळावरच्या अक्षता घामाने सुटून आमच्या दोघांच्या मधे पडल्या. तिने त्यातला एक दाणा उचलून तळहातावर घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली.

"नोबडी, रेवा," मी म्हटलं. "नोबडी गॉट इट."